पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचें बाळंतपण

ज्या घरांत पहिलें मूल पोटावर शस्त्रक्रिया करून काढावें लागलें, त्या घरांत दुसऱ्याची चाहूल लागतांच एक प्रश्न विचारण्यापूर्वींच सुटल्यासारखा होतो. ‘आतां काय, सिझेरियनच व्हावयाचें,’ असें सासरचीं माणसें म्हणतात, माहेरचीं म्हणतात, आणि शेजारच्या काकूहि म्हणतात. मग कोणीतरी पंचांग काढून मुहूर्त पाहूं लागतो. अशा वेळीं जिच्या देहाचा हा प्रश्न आहे तिनें जर हळूच विचारलें कीं, ‘या खेपेस कळा येऊन, आणि जमल्यास वेदना मारणाऱ्या औषधांवांचून, मला बाळंत होतां येईल काय?’ तर घरांत क्षणभर कोणी बोलत नाहीं. कोणी तिला हट्टी ठरवितो, कोणी धाडसी. वस्तुतः तिचा प्रश्न रास्त आहे, आणि वैद्यकशास्त्रानें गेल्या शंभर वर्षांत त्याचें उत्तर दोनतीनदां बदललें आहे.

१९१६ सालीं न्यूयॉर्क येथील एडविन क्रेगिन या प्रसूतिवैद्यानें एका निबंधांत असें म्हटलें कीं, एकदां सिझेरियन केलें कीं पुढें नेहमींच सिझेरियन. हें वचन जगभर पसरलें आणि नियम होऊन बसलें. क्रेगिनचा हेतु मात्र निराळा होता. पहिली शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं वैद्यानें दहादां विचार करावा, कारण तिचें ओझें स्त्रीला पुढच्या प्रत्येक बाळंतपणांत वाहावें लागतें, असा इशारा त्याला द्यावयाचा होता. शिवाय त्या काळीं छेद घेत तो गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागांत व उभा घेत. कळा येतांना सर्वांत जोरानें आवळला जातो तो हाच भाग. तेव्हां तेथील व्रण पुढच्या खेपेस उसवण्याची भीति खरी होती. पुढें १९२० नंतरच्या दशकांत ग्लासगोच्या मन्रो कर यांनीं गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागांत आडवा छेद घेण्याचा जोरानें पुरस्कार केला. हा भाग कळांच्या वेळीं आवळला जाण्याऐवजीं ताणला जातो, येथें रक्त कमी जातें आणि जखमहि चांगली भरते. हळूहळू सगळीकडे हीच रीत पडली. छेद बदलला, वचन मात्र तसेंच राहिलें.

१९८० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनीं भरविलेल्या परिषदेनें त्या वचनाची फेरतपासणी केली, आणि आडव्या छेदाच्या स्त्रियांना कळा येऊं देणें रास्त आहे असा निर्वाळा दिला. मग तेथें लाट आली. १९९६ सालीं पूर्वीं शस्त्रक्रिया झालेल्या दर शंभर स्त्रियांपैकीं अठ्ठावीस जणी नैसर्गिक मार्गानें बाळंत झाल्या. खर्च वांचतो हें पाहून कांहीं विमासंस्थांनीं तर तसा आग्रहच धरला. ज्यांना तें झेपणारें नव्हतें अशांनाहि कळा देवविल्या गेल्या, कळा आणणारीं औषधें सढळ हातानें वापरलीं गेलीं. व्रण उसवले, मुलें दगावलीं, खटले झाले, आणि २००६ पर्यंत तें प्रमाण शंभरांत साडेआठांवर आलें. आधीं सक्ती एका बाजूची होती, मग दुसऱ्या बाजूची झाली. दोन्हीं वेळां त्या बाईला नीट माहिती देऊन विचारण्याचें राहिलें.

हा प्रश्न आतां दूर देशीचा राहिलेला नाहीं. २०१९ ते २१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील शंभर बाळंतपणांपैकीं साडेएकवीस सिझेरियननें झाल्याचें आढळलें; महाराष्ट्रांत हें प्रमाण पंचवीसांच्या किंचित् वर, आणि गोव्यांत साडेएकोणचाळीस होतें. देशभरच्या खाजगी रुग्णालयांत तें सत्तेचाळीसांहून अधिक, तर सरकारी रुग्णालयांत चौदाच्या आसपास होतें. म्हणजे हें ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं, सुनेच्या किंवा लेकीच्या निमित्तानें, हा विचार कधींतरी करावा लागणार.

तो करतांना पहिली गोष्ट ध्यानीं घ्यावयाची ती ही कीं, पोटाच्या कातडीवर दिसणारा व्रण आणि गर्भाशयावरचा व्रण या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. बाहेरची रेघ आडवी असून आंतला छेद उभा असूं शकतो. बाहेर उभी रेघ असून आंत आडवा असूं शकतो. डोळ्यांनीं पाहून, बोटानें चांचपून, किंवा ‘टांके छान भरले आहेत’ असें वडीलधाऱ्यांनीं सांगून याचा उलगडा होत नाहीं. तो होतो एका कागदावरून. शस्त्रक्रियेच्या दिवशीं शस्त्रवैद्यानें लिहिलेल्या टिपणांत छेद कोठें घेतला, तो मूल काढतांना वाढवावा लागला काय, वर किंवा बाजूस फाटला काय, कसा शिवला, आणि मुळांत शस्त्रक्रिया कशासाठीं केली, हें सारें असतें. घरीं जातांना हातीं पडणाऱ्या कार्डावर बहुधा ‘एल. एस. सी. एस.’ एवढीं चारच अक्षरें असतात. त्यांवरून छेद खालच्या भागांत होता इतकें कळतें. परंतु मूळ टिपण मिळत असेल तर तें मिळवावेंच.

महाराष्ट्रांत या कागदाची एक खास अडचण आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. मुलगी नांदते पुण्यास, पण पहिल्या खेपेस ती सातव्या महिन्यांत सांगलीस गेलेली असते. शस्त्रक्रिया तेथेंच झालेली असते, आणि कागद एक तर आईच्या कपाटांतील पिशवींत नाहीं तर तेथील रुग्णालयाच्या दफ्तरांत पडलेले असतात. दुसऱ्या खेपेस पुण्याच्या डॉक्टरांपुढें ती रिकाम्या हातांनीं बसते. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणें डॉक्टरांनीं रुग्णाचे कागद तीन वर्षें जपून ठेवावयाचे असतात, आणि रुग्णानें मागितल्यास बहात्तर तासांच्या आंत द्यावयाचे असतात. दोन मुलांत चारपांच वर्षांचें अंतर पडलें तर ते नाहींसे झालेले असण्याचा संभव आहे. म्हणून या तयारीचा श्रीगणेशा व्यायामानें किंवा आहारानें होत नाहीं. तो माहेरीं फोन करून होतो, आणि दिवस राहण्याच्या आधींच झाला तर उत्तम.

कागद हातीं आला म्हणजे कांहीं प्रश्न तेथल्या तेथें निकालांत निघतात. छेद वरच्या भागांत उभा असेल, उलट्या ‘टी’ अक्षरासारखा असेल, पूर्वीं कधीं गर्भाशय फाटलेला असेल, किंवा या खेपेस वार गर्भाशयाच्या तोंडावर येऊन बसली असेल, तर कळांची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. ठरवून केलेली शस्त्रक्रिया हाच मार्ग. दोन शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांविषयीं अनुभवी डॉक्टर प्रसंग पाहून, अधिक सावधपणें निर्णय घेतात. उरलेल्यांपैकीं, म्हणजे ज्यांचा एकच व खालचा आडवा छेद झाला आहे अशांपैकीं, बहुतेकींना कळांची वाट मोकळी असते.

मोकळी म्हणजे निर्धोक नव्हे. २००४ सालीं अमेरिकेंतील मोठ्या रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत पूर्वीं शस्त्रक्रिया झालेल्या व या खेपेस कळा दिलेल्या सुमारें अठरा हजार स्त्रियांची नोंद होती. त्यांपैकीं शंभरांत त्र्याहत्तर जणी नैसर्गिक मार्गानें बाळंत झाल्या, आणि एकूण १२४ जणींचा व्रण फाटला. म्हणजे हजारांत सात. ब्रिटनच्या प्रसूतिवैद्यांच्या रॉयल कॉलेजनें २०१५ च्या मार्गदर्शिकेंत दोनशें जणींमध्यें एक असा अंदाज दिला आहे. पहिली शस्त्रक्रिया कशासाठीं झाली यावर यशाचा संभव बराच अवलंबून असतो. मूल पायाळू होतें म्हणून झाली असेल तर तें कारण बहुधा पुन्हां उद्भवत नाहीं. कळा देऊन बाई अडली म्हणून झाली असेल तर संभव कांहींसा कमी होतो; तरीहि निम्म्याहून अधिक स्त्रिया याहि स्थितींत पार पडतात. आणि पूर्वीं एकदां तरी नैसर्गिक मार्गानें मूल झालेलें असेल तर शंभरांत पंचाऐंशी ते नव्वद जणी बाळंत होतात. हे आंकडे समूहाचे असतात, हें मात्र विसरूं नये. अमेरिकेंत अशी शक्यता वर्तविणारें एक गणित तयार झालें होतें. त्यांत २०२१ पर्यंत स्त्रीचा वंशहि मोजला जाई, आणि कृष्णवर्णी स्त्रीची संधि कागदावर आपोआप घटे. पुढें तो वंश गणितांतून काढून टाकण्यांत आला. गणितानें मांडलेलें सारेंच निसर्गाचें नसतें, याचा हा चांगला नमुना आहे.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत काय आहे तेंहि पाहिलें पाहिजे. ठरवून केलेली दुसरी शस्त्रक्रिया त्या दिवसापुरती फार सुरक्षित असते. बाळंतपणाशीं संबंधित कारणानें मूल दगावण्याचा धोका कळा दिल्यास दहा हजारांत चार आणि ठरवून शस्त्रक्रिया केल्यास दहा हजारांत एकाहून कमी, असा ब्रिटिश मार्गदर्शिकेचा हिशेब आहे; पहिलटकरणीच्या कळांत मुलाला जो धोका असतो तोहि त्या चाराच्याच जवळपास आहे. परंतु शस्त्रक्रियांची बाकी पुढच्या गर्भारपणांत वसूल होते. व्रणांची संख्या वाढते तशी वार व्रणांत रुतून बसण्याची भीति वाढते, आणि मग रक्तस्राव अनावर होऊन गर्भाशयच काढावा लागण्याचा प्रसंग येतो. वार तोंडावर असलेल्या स्त्रियांपुरतें पाहिलें तर ती अशी रुतलेली आढळण्याचें प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळीं शंभरांत तीन, दुसऱ्याच्या वेळीं अकरा आणि तिसऱ्याच्या वेळीं चाळीस, असें २००६ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासांत दिसून आलें. अर्थात् ज्या कुटुंबास दोनच मुलें हवीं आहेत, आणि आज महाराष्ट्रांत बहुतेकांना तितकींच हवीं असतात, त्यांच्यापुरतें हें वजन हलकें होतें. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सर्वांत अधिक त्रास होतो तो कळा देऊन मध्येंच घाईनें शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या स्त्रियांना. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेहून तिच्यांत जंतुसंसर्ग व रक्तस्राव अधिक. म्हणून यशाचा संभव किती हें आधीं डॉक्टरांशीं बसून पारखणें अगत्याचें असतें.

आतां ‘औषधांवांचून’ या शब्दाकडे वळावें. या विषयांत याच शब्दानें सर्वांत अधिक घोटाळा होतो, कारण बाळंतपणांतलीं औषधें दोन जातींचीं असतात. एक जात कळा आणणाऱ्या किंवा वाढविणाऱ्या औषधांची. दुसरी वेदना शमविणाऱ्या औषधांची. ज्या स्त्रीच्या गर्भाशयावर व्रण आहे तिनें कोणत्या जातीला अधिक भ्यावें? बहुतेक घरांत भीति दुसरीची असते. कण्यांत सुई टोंचून देतात त्या एपिड्यूरलची. व्रणाला खरा संबंध आहे तो पहिलीशीं.

अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत पहिलें मूल सिझेरियननें झालेल्या वीस हजारांवर स्त्रियांच्या दुसऱ्या बाळंतपणांचा अभ्यास २००१ सालीं प्रसिद्ध झाला. कळा न येतां शस्त्रक्रिया झालेल्यांत व्रण फाटण्याचें प्रमाण हजारीं १.६ होतें, कळा आपोआप आलेल्यांत ५.२, प्रोस्टाग्लँडिन न वापरतां दुसऱ्या उपायांनीं आणविलेल्यांत ७.७, आणि प्रोस्टाग्लँडिन जातीच्या औषधांनीं आणविलेल्यांत २४.५. पुढच्या अभ्यासांत हा शेवटचा आंकडा इतका मोठा आला नाहीं. परंतु कळा आणवाव्या लागल्या कीं धोका वाढतो, दुपटीतिपटीनें वाढतो, हें मात्र आज सर्वत्र धरून चालतात. मिसोप्रॉस्टॉल ही गोळी तर दिवस भरलेल्या गर्भारपणांत, गर्भाशयावर व्रण असतांना, कळा आणण्यासाठीं वापरूं नये असा नियमच आहे. ऑक्सिटोसिनची धार कधीं कधीं लावावी लागते. ती लावली तर मोजून, देखरेखीखालीं आणि वरिष्ठ डॉक्टरांच्या संमतीनें. तेव्हां औषधांचा आग्रह धरावयाचाच असेल तर तो येथें धरावा: कळा आपोआप येण्याची वाट पाहतां येईल काय, किती दिवस पाहतां येईल, आणि न आल्यास काय करावयाचें, हें नवव्या महिन्याच्या आरंभींच विचारून ठेवावें. आणि एरंडेल हेंहि औषधच आहे. दिवस उलटूं लागले कीं एकादी अनुभवी आजी एरंडेल द्या म्हणते; त्यानें जुलाब-वांत्या होऊन बाई गळून जाते, आणि कळा आल्याच तर त्या किती जोराच्या येतील यावर कोणाचा ताबा राहत नाहीं. व्रण असलेल्या बाईला घरच्या घरीं तें मुळींच देऊं नये.

उलट एपिड्यूरलनें व्रण फाटल्याचें कळत नाहीं, हा पूर्वींचा समज आतां टिकत नाहीं. कारण फाटण्याची पहिली खूण बहुधा वेदना ही नसते, तर मुलाच्या हृदयाचे ठोके बिघडणें ही असते. मग तें न घेण्यांत लाभ कोणता? बाईचे पाय मोकळे राहतात, तिला हिंडतां फिरतां येतें, बसतां ओणवतां येतें, मूल खालीं सरकतांना जोर केव्हां करावा हें तिला आंतून कळतें. पुष्कळ स्त्रियांना या गोष्टींचें मोल वाटतें, आणि तें वाटणें योग्यच आहे. तोटाहि एक आहे. अकस्मात् शस्त्रक्रियेची वेळ आली तर कण्यांत नळी आधीं बसविलेली नसल्यानें, वेळ अगदींच थोडा असल्यास, पुरी भूल द्यावी लागण्याचा संभव वाढतो. हें आधीं ठाऊक असावें. औषधांवांचून बाळंत होणें ही इच्छा असावी; ती शपथ असूं नये.

इच्छा पक्की झाली कीं जागा निवडावयाची. येथें भिडेनें घात होतो. पिढ्यान् पिढ्यांची ओळख असलेलें घराजवळचें प्रसूतिगृह आपुलकीचें असतें. पण लहान प्रसूतिगृहांतून भूल देणारा तज्ज्ञ पुष्कळदां बाहेरून बोलवावा लागतो. व्रण उसवला तर प्रश्न तासांचा नसतो, मिनिटांचा असतो. म्हणून कांहीं प्रश्न संकोच न धरतां विचारावे. भूलतज्ज्ञ रात्रीं दोन वाजतां इमारतींत असतो कीं घरीं असतो? शस्त्रक्रियागृह अहोरात्र तयार असतें काय? रक्त तेथेंच मिळतें कीं शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणावें लागतें? बालरोगतज्ज्ञ कोण? आणि अशीं बाळंतपणें येथें खरोखर होतात काय? कांहीं ठिकाणीं आठव्या महिन्यापर्यंत ‘पाहूं, प्रयत्न करूं’ असें सांगतात, आणि नवव्यांत शस्त्रक्रियेची तारीख देतात. यांत लबाडी असतेच असें नाहीं. एकट्या डॉक्टरनें दहाबारा तास बाईजवळ थांबणें कठीण असतें, आणि शेवटीं त्याचा धीर सुटतो. ज्या संस्थेंत डॉक्टर पाळीपाळीनें असतात, जसें मोठ्या सरकारी व वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, तेथें हें अधिक सुकर असतें. मात्र तेथें गर्दी असते आणि एकांत कमी. घरीं बाळंत होण्याचा विचार मात्र या स्त्रियांनीं करूं नये.

शरीराच्या तयारींत गूढ असें कांहीं नाहीं. दोन बाळंतपणांत निदान दीड वर्षाचें अंतर असावें. त्याहून कमी असल्यास व्रण फाटण्याचा संभव वाढतो. रक्त भरपूर असावें. वर सांगितलेल्या पाहणींत भारतांतील निम्म्याहून अधिक गर्भवती पंडुरोगी आढळल्या, आणि रक्तस्राव झाला तर पंडुरोगी बाईच्या गांठीं शिल्लक कांहीं राहत नाहीं. लोहाच्या गोळ्या न चुकतां घ्याव्यात; त्या चहाबरोबर घेऊं नयेत. साखरेची तपासणी करावी, कारण मधुमेहानें मूल फार मोठें झालें तर वाट अरुंद पडते. ‘दोन जिवांची आहे’ म्हणून तूपसाखर दुप्पट करण्याची आवश्यकता नाहीं. रोज चालावें, घरांतलीं बसण्याउठण्याचीं कामें शक्य तितकीं करावींत, आणि शेवटच्या पांचसहा आठवड्यांत जननमार्गाच्या बाहेरील भागास तेलानें हलके मर्दन कसें करावें हें परिचारिकेकडून शिकून घ्यावें. त्यानें फाटून टांके पडण्याचें प्रमाण कमी होतें. सोनोग्राफीनें व्रणाची जाडी मोजतां येते, आणि पुष्कळ घरांत त्या मिलिमीटरांची फार चर्चा होते. पण अमक्या जाडीखालीं धोका व वर निर्भयता, असा सर्वमान्य आंकडा अद्याप ठरलेला नाहीं.

यापुढची गोष्ट घरच्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. दुसरें बाळंतपण लौकर उरकतें, असा अनुभव घरोघर सांगतात, आणि तो खरा आहे. पण ज्यांचें पहिलें मूल नैसर्गिक मार्गानें झालें त्यांच्यापुरताच. या स्त्रीचें दुसरें मूल असलें तरी त्या वाटेनें येणारें तें पहिलेंच. ती एका अर्थीं पहिलटकरीणच असते, आणि पहिली शस्त्रक्रिया कळा सुरू होण्यापूर्वीं झाली असेल तर पूर्णपणें पहिलटकरीण. तिच्या कळा बारा तास, अठरा तास चालल्या तर ‘अजून कसें होत नाहीं’ म्हणून दारांत येरझाऱ्या घालणाऱ्या मंडळींनीं तिचा धीर खचवूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१८ सालीं असें मान्य केलें कीं, कळांचा खरा जोराचा टप्पा गर्भाशयाचें तोंड पांच सेंटीमीटर उघडल्यावर सुरू होतो. त्यापूर्वींचा काळ बाईगणिक फार निरनिराळा असतो.

मनाच्या तयारीविषयीं मात्र पुष्कळ लिहिलें गेलें आहे. इंग्लंडांतील ग्रँटली डिक-रीड यांनीं १९३३ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, भीतीनें शरीर ताठरतें, ताठरल्यानें वेदना वाढते, आणि वेदनेनें पुन्हां भीति. फ्रान्सच्या फर्नांड लमाझ यांनीं १९५१ सालीं रशियांत जाऊन श्वासाच्या व चित्त गुंतविण्याच्या पद्धती पाहिल्या आणि पॅरिसमध्यें त्या रूढ केल्या. दोघांचें ऋण मोठें आहे; पण डिक-रीड यांच्या सिद्धांताची एक अतिशयोक्ति पुढें स्त्रियांना बाधली. भीति गेली कीं वेदना जाते असें ठरल्यावर, जिला वेदना झाली ती स्वतःलाच दोष देऊं लागली. कळा या दुखतातच. श्वास संथ ठेवल्यानें, कण्याच्या तळाशीं कोणी तळहातानें दाब दिल्यानें, कोंबट पाण्याच्या धारेखालीं बसल्यानें, किंवा भिंतीशीं ओणवें उभें राहिल्यानें त्या सोसवतात, एवढेंच खरें आहे, आणि तेवढें पुष्कळ आहे. हें सारें आठव्या महिन्यापासून रोज थोडथोडें करून अंगवळणीं पाडावें. ऐन वेळीं शिकवून कांहीं येत नाहीं.

शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या स्त्रीची भीति आणखी एका प्रकारची असते. तिच्या मनांत मागची रात्र असते. घाईघाईनें सही घेतलेला कागद, ‘मुलाचे ठोके कमी झाले’ एवढेंच कानीं पडलेलें वाक्य, डोळ्यांवरचा दिवा, आणि नंतर कोणी न सांगितलेलें कारण. अशा स्त्रीनें श्वासाचे कितीहि धडे घेतले तरी ती रात्र कळांबरोबर परत येते. यावर चांगला उपाय पुन्हां तो कागदच आहे. डॉक्टरांजवळ बसून तें टिपण ओळीओळीनें समजून घेतलें, त्या वेळीं काय घडलें आणि कशामुळें, हें उमगलें, कीं बहुतेकींच्या मनावरचें अर्धें ओझें उतरतें. डॉक्टरांनींहि त्यासाठीं अर्धा तास काढावा. एरवीं तो अर्धा तास बाळंतपणाच्या रात्रीं चौपटीनें द्यावा लागतो.

तिच्या जवळ कोण राहणार, हाहि प्रश्न आधींच सोडवावा. ग्वाटेमाला येथील एका रुग्णालयांत १९८० च्या सुमारास असें आढळून आलें कीं, कळा देणाऱ्या बाईजवळ केवळ एक ममताळू स्त्री सतत बसून राहिली तरी बाळंतपण लौकर व कमी अडचणींनीं पार पडतें. पुढें अशा सव्वीस अभ्यासांचा एकत्र विचार २०१७ सालीं झाला आणि तोच निष्कर्ष निघाला: शस्त्रक्रिया कमी, वेदनाशामक औषधें कमी, समाधान अधिक. आपल्याकडे सुईण आणि मावशी-आत्या हें काम पिढ्यान् पिढ्या करीत आल्या होत्या. रुग्णालयांनीं त्यांना दाराबाहेर बसविलें. भारत सरकारनें २०१६ सालीं सरकारी प्रसूतिकक्षांत एक सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. एकांताची सोय असेल तेथें पतीसहि येतां येतें. सोबतीला येणारी व्यक्ति शांत असावी. जवळचें नातें ही काहीं पात्रता नव्हे. कळ आली कीं डोळ्यांत पाणी आणणाऱ्या सख्ख्या आईपेक्षां धीराची नणंद बरी.

प्रत्यक्ष दिवशीं काय करावें? कळा नियमित येऊं लागल्या कीं रुग्णालयास कळवावें आणि फार वेळ घरीं न घालवितां निघावें. पाणमोट फुटली, रक्त दिसलें, किंवा मुलाची हालचाल मंदावली, तर कळांची वाटहि पाहूं नये. पोंचल्यावर हाताच्या शिरेंत सुई बसवून ठेवतात, रक्ताची जुळणी करून ठेवतात, आणि मुलाचे ठोके सतत नोंदविणारें यंत्र पोटाला पट्ट्यानें बांधतात. औषधांवांचून बाळंत होऊं पाहणाऱ्या स्त्रीला हें यंत्र नकोसें होतें, कारण तें तिला खाटेशीं जखडून ठेवतें. परंतु या यंत्राचा हट्टानें त्याग करूं नये. व्रणाची बातमी प्रथम तेंच देतें. कांहीं ठिकाणीं तारेवांचूनचें यंत्र असतें, त्यानें फिरतां येतें. नसेल तेथें खाटेशेजारीं उभें राहून, खुर्चीवर बसून, किंवा गुडघे व हात टेकून कळा घेतां येतात. आडवें पडून राहण्याची सक्ती यंत्र करीत नाहीं. शिरेंतली सुई, जुळविलेलें रक्त आणि तें यंत्र या तिन्ही गोष्टी औषध नव्हेत.

मुलाच्या ठोक्यांखेरीज आणखी खुणा आहेत. दोन कळांच्या मध्येंहि न थांबणारी व्रणावरची कळ, अंगावरून रक्त जाणें, चांगल्या चाललेल्या कळा एकाएकीं थांबणें, खालीं आलेलें मुलाचें डोकें पुन्हां वर सरकणें, आईची नाडी जलद होणें. जिनें वेदनाशामक घेतलेलें नाहीं तिला कळेच्या जातींतील फरक स्वतः जाणवूं शकतो. तेव्हां ‘ही कळ निराळी आहे’ असें ती म्हणाली तर सोबतिणीनें तिची समजूत घालीत बसूं नये, डॉक्टरांना हांक मारावी.

इंग्रजी वैद्यकग्रंथांत या सगळ्या प्रयत्नास चांचणी असा शब्द आहे, आणि ती न साधल्यास नापास असा शेरा मारण्याची रीत आहे. परीक्षेची भाषा शाळेंतसुद्धां जपूनच वापरावी लागते. प्रसूतिकक्षांत ती सर्वथा अस्थानीं आहे. शंभरांतील पंचवीस-सत्तावीस जणींना शेवटीं शस्त्रक्रियाच करावी लागते, हें प्रारंभींच ठाऊक असतें. म्हणून त्या दुसऱ्या शेवटाचीहि तयारी त्याच वहींत लिहावी: पुरी भूल न देतां होईल तर बरें, शक्य असल्यास पतीस आंत घ्यावें, बाळ उबदार ठेवून लौकर आईच्या छातीशीं द्यावें, पहिल्या तासांत दूध पाजण्यास परिचारिकेनें मदत करावी. या मागण्या कोणत्याहि चांगल्या रुग्णालयास जड नाहींत, पण आधीं सांगितल्या तरच त्या पुऱ्या होतात.

आणि मूल कोणत्याहि वाटेनें आलें तरी पहिले कांहीं तास आईची नाडी, रक्तदाब आणि अंगावरून जाणारें रक्त यांवर नजर ठेवावी लागते, कारण व्रणाचा दोष क्वचित् प्रसूतीनंतरहि उघडकीस येतो. घरीं निघण्याच्या दिवशीं, बाळाचें टोपडें, झबलें आणि डिंकाचे लाडू यांच्या गडबडींत, कुटुंबांतील एकानें कचेरींत जाऊन या खेपेच्या टिपणाची नक्कल मागून घ्यावी, आणि ती मागच्या कागदाबरोबर एकाच पाकिटांत घालून ठेवावी.